सप्तखंजिरी

खंजिरी या एकमुखी चर्मवाद्याचे वेगवेगळ्या स्वरांचे सात नग एकाच वादकाने वाजवावयाचे आणि त्या वादनाच्या आधारे गायन, नकला, प्रश्नोत्तरे व उपहासगर्भ निरूपण करून समाजातील दोष श्रोत्यांपुढे मांडावयाचे, असा महाराष्ट्राच्या वऱ्हाड विभागातील एक लोकप्रिय एकपात्री प्रकार. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत तो विशेषेकरून रुजला असून अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील सिरसोली येथील सत्यपाल महाराज (चिंचोळकर) यांच्या नावाशी तो मुख्यत्वे निगडित आहे. त्यास लोक सामान्यतः ‘कीर्तन’ म्हणतात. तथापि नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी त्यात नसते, किंवा वारकरी कीर्तनाप्रमाणे एका अभंगाचे निरूपणही नसते. सादर करणारा स्वतः ‘प्रबोधन’ हा शब्द अधिक पसंत करतो. त्याला ‘महाराज’ म्हणण्याची रीत असली, तरी तो कोणत्या मठाचा वा संप्रदायाचा अधिकारी नसतो, आणि अनेकदा बुवाबाजी हाच त्याच्या थट्टेचा पहिला विषय असतो.

वाद्य : खंजिरी (वऱ्हाडातील रूढ उच्चार खंजेरी किंवा खंजरी) म्हणजे वीतभर व्यासाचे लाकडी कडे. त्याच्या एका तोंडावर कातडे ताणून बसविलेले असते व दुसरे तोंड उघडे राहते. कड्याच्या भिंतीत खाचा पाडून त्यांत धातूच्या पातळ चकत्यांच्या जोड्या खिळ्यांवर सैल अडकवितात. त्यामुळे थापेबरोबर चर्माचा नाद व चकत्यांची झणझण असे दोन ध्वनी एकदम निघतात. खंडोबाच्या वाघ्यांची दिमडी हिच्यासारखीच दिसते. पण तिला चकत्या नसतात. शाहिराचा डफ आकाराने मोठा असतो, तर हलगी काड्यांनी वाजवितात. कर्नाटक संगीताच्या मैफलीतील कंजिरा हे याच कुळातील वाद्य होय. त्याला घोरपडीचे कातडे लावण्याची प्रथा होती. परंतु घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी ठरली आहे. भजनी खंजिरीला सामान्यतः बकऱ्याचे कातडे असते आणि अलीकडे कृत्रिम पडदाही वापरतात. कातडे ओले केले की स्वर उतरतो, शेकले की चढतो. पावसाळी रात्री उघड्या मांडवात कार्यक्रम असला, की एकच खंजिरी सुरात ठेवणेही अवघड होते. सात खंजिऱ्यांचे परस्परांशी असलेले स्वरांतर राखणे हा तर या कलेतील न दिसणारा अर्धा भाग म्हणावा लागेल.

एकट्या कलावंताला हे वाद्य मानवते, याचे कारण साधे आहे. उपहासाने गाणाऱ्या माणसाचे तोंड मोकळे असावे लागते. गाणे मध्येच थांबवून त्याला बोलावयाचे असते, समोरच्या एखाद्याला प्रश्न टाकावयाचा असतो, उत्तर ऐकून त्यावर शेरा मारून पुन्हा त्याच मात्रेवर गाणे उचलावयाचे असते. हे चालू असताना ठेका मात्र तुटता कामा नये. तो तुटला की विनोदाचा क्षण हातचा जातो. शाहिरी परंपरेने ही अडचण माणसे वाढवून सोडविली. शाहीर डफावर कवन म्हणतो, मागे तुणतुणे चालू राहते आणि झीलकरी पालुपद उचलून धरतात, तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यावयास व पुढच्या कडव्याची जुळणी करावयास उसंत मिळते. भारुडात हेच काम टाळकरी करतात. खंजिरीवाल्याजवळ पेटी व टाळ धरणारे दोनचार साथीदार असले, तरी लय त्याच्या स्वतःच्या हातात असते. बोलणे थांबले तरी हात चालू राहतो आणि हातच पुढच्या शब्दाची वाट पाहात आहे, असे श्रोत्याला वाटते.

पूर्वपीठिका : या प्रकाराची मुळे तीन ठिकाणी शोधता येतात. पहिले, संत एकनाथांचे (१५३३—९९) भारूड. जोशी, महारीण, वासुदेव, वेडी, विंचू अशा सोंगांच्या तोंडून अध्यात्म सांगताना एकनाथांनी ढोंगावर बोचरा उपहास केला आणि एकाच गायकाने अनेक पात्रे होण्याची मुभा लोकांच्या अंगवळणी पाडली.

दुसरे व अधिक जवळचे मूळ म्हणजे गाडगे महाराजांचे (१८७६—१९५६) कीर्तन. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी या आजोळी गेले. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याची बोली, त्याचे कर्ज आणि त्याच्या समजुती यांचे ज्ञान त्यांना अनुभवाने झालेले होते. मुलीच्या बारशाला मटण-दारूऐवजी गोडाचे जेवण घालून त्यांनी जातीची रूढी मोडली; १९०५ मध्ये घर सोडले; दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे, हा त्यांचा पुढील पन्नास वर्षांचा क्रम होता. त्यांच्या कीर्तनात वाद्यांचा बडेजाव नसे. देवकीनंदनाच्या नामाचा गजर हेच पालुपद, आणि ते म्हणावयाचे श्रोत्यांनी. गजर थांबला की प्रश्न सुरू होत : लग्नासाठी कर्ज कोणी काढले, देवाला बकरे कोणी कापले, मुलगा शाळेत जातो काय. उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेतले जाई. सावकाराच्या वहीत कोणाचा अंगठा उठला, हे दहा जणांच्या तोंडून निघाले की महाराज त्यावर टीका न करता पुन्हा गजर सुरू करीत. आधी हसलेला समाज दुसऱ्या वेळी तोच गजर जरा खालच्या आवाजात म्हणे. हजारो माणसांना एकाच वेळी आपल्या मागे आणि आपल्याच विरुद्ध बोलते करण्याची ही हातोटी मराठी सादरीकरणाच्या इतिहासात फारच थोड्यांना साधली आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकर यांनी तर तरुणपणी त्यांच्याबरोबर भ्रमंती केली होती. मृत्यूपूर्वी थोडे दिवस, १९५६ मध्येच, वांद्रे येथे झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने त्यांच्या निवेदनाची लय आजही ऐकता येते. आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत; असे असूनही वऱ्हाडातील प्रत्येक प्रबोधनकार स्वतःला त्यांचा वारस मानतो.

तिसरे मूळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९—६८) यांचे खंजिरी-भजन हे होय. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजींनी खंजिरीला प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठी व हिंदी भजने स्वतः रचून ती खंजिरीच्या तालावर म्हणण्याची त्यांची पद्धत इतकी परिणामकारक होती, की १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीच्या उठावानंतर ब्रिटिश शासनाने त्यांना कारावासात ठेवले. मोझरी येथील गुरुकुंज आश्रम व श्रीगुरुदेव सेवा मंडळ यांच्या शाखांमधून खंजिरी-भजन विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. सामुदायिक प्रार्थनेसाठी जमणाऱ्या प्रत्येक मंडळात खंजिरी वाजविणारा एकतरी असेच. खंजिरी-भजनाच्या स्पर्धा विदर्भात अजूनही होतात व त्यांत महिला मंडळेही भाग घेतात. तुकडोजींच्या भजनाचा स्वर मात्र मुख्यतः आवाहनाचा आहे, उपहासाचा नव्हे.

सत्यपाल महाराजांनी या दोन थोर वऱ्हाडी पुरुषांचे मार्ग एकत्र आणले. तुकडोजींची खंजिरी घेतली आणि गाडगे महाराजांचा प्रश्न घेतला. एका खंजिरीच्या जागी सात घेण्याने नुसती संख्या वाढली नाही, तर वाद्याचा गुणच पालटला. एक खंजिरी ठेका देते. चढत्या-उतरत्या स्वरांच्या सात खंजिऱ्या ठेक्याबरोबर स्वररेषाही सुचवितात, एकीला प्रश्न विचारावयास लावून दुसरीकडून उत्तर देववितात आणि वरातीचा बँड, ढोलकीची लावणी अशा ओळखीच्या नादांची नक्कलही करू शकतात. त्यामुळे वाद्य स्वतःच विनोदात भागीदार होते. शब्दांत सांगितलेली थट्टा हातांनी पुरी केली जाते, हे या प्रकाराचे खरे वैशिष्ट्य असून नवख्या वादकांच्या प्रयोगात तेच बहुधा उणे पडते. सातही खंजिऱ्या जलद वाजविल्या म्हणजे काम झाले, अशी त्यांची समजूत असते.

बुलढाणा जिल्ह्यातील स्थान : हा जिल्हा या प्रकाराच्या उगमस्थानाला लागून आहे. घाटाखालचे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा हे तालुके पूर्णेच्या काळ्या मातीतले; संग्रामपुरातून पूर्वेस तेल्हारा तालुका ओलांडला की अकोट लागते. कपाशीचे पीक, सावकारी आणि बोली सारखीच असल्याने प्रबोधनकाराचा एकही संदर्भ येथे वाया जात नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘पोट्टे’, ‘बाप्पा’ हे शब्द व्यासपीठावरून आले, की माणूस आपल्याच ओसरीवर बोलत आहे असे वाटते. घाटावर, विशेषतः देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांत, बोलीवर मराठवाड्याची छाया पडते. पण विषय तेच राहतात. संतांची पुण्यतिथी, सप्ताहाचा शेवट, गणेशोत्सव, शिवजयंती, आंबेडकर जयंती, एखाद्या घरचे वर्षश्राद्ध ही कार्यक्रमाची निमित्ते असतात. मांडव गावाच्या मध्यभागी, शाळेच्या आवारात किंवा मारुतीच्या पारासमोर पडतो. जेवणे उरकून माणसे येतात आणि पुढच्या रांगा मुले अडवितात.

उपहासाची या जिल्ह्याला जुनी ओळख आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्री-पुरुष तुलना (१८८२) हा निबंध पुरुषांच्या दुटप्पीपणावर बोलीच्या जोरावर तुटून पडतो. पानभर दोष मोजून शेवटी वाचकालाच जाब विचारण्याची त्याची धाटणी छापील असूनही बोलल्यासारखी आहे. तो निबंध आणि खंजिरीवरील प्रबोधन यांच्यात परंपरेचा धागा दाखविता येणार नाही; परंतु दोन्हींमागचे बोलणे एकाच मुलुखाचे आहे.

उपहासाची रीत : कार्यक्रमाचा आरंभ वंदनाने होतो, मग ठेका लागतो. एक सोपे, दोन ओळींचे पालुपद श्रोत्यांकडून म्हणवून घेतले जाते. नंतर विषय येतो. उदाहरणार्थ, मुलाचे लग्न ठरविणारा बाप. गायक त्याची चाल, त्याचे खाकरणे, त्याची ‘आम्हाला काही नको’ ही भाषा उभी करतो. मग वरपक्षाच्या मागण्यांची यादी वाढत जाते व प्रत्येक मागणीला एकेक खंजिरी वर चढते. श्रोते हसतात, पालुपद म्हणतात. त्यानंतर गायक ठेका एकदम खाली आणून विचारतो, की समोर बसलेल्यांपैकी मुलीच्या लग्नात शेत गहाण टाकलेले कोण आणि मुलाच्या लग्नात घेतलेले कोण. हात वर होत नाहीत. पण शेजारच्याकडे पाहणाऱ्या माना वळतात. पालुपद तिसऱ्यांदा येते तेव्हा त्याचे शब्द तेच असतात आणि अर्थ उलटलेला असतो.

दारू, खर्चिक तेरवी, अंगात येणे, गंडेदोरे, मुलगा व मुलगी यांत केला जाणारा भेद, म्हाताऱ्या आईबापांची हेळसांड हे ठरलेले विषय होत. रक्तदान, नेत्रदान व देहदान यांचा पुरस्कारही आवर्जून केला जातो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा विषय सर्वांत अवघड. २००६ मध्ये केंद्र शासनाने विशेष मदतीसाठी निवडलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. कर्जबाजारीपणाची कारणे कापसाच्या भावात व पतपुरवठ्यात असताना केवळ लग्नातील उधळपट्टीवर बोट ठेवणे हे पीडितालाच दोषी ठरविणे होईल, हा आक्षेप रास्त आहे. चांगला प्रबोधनकार येथे थट्टेचा रोख बदलून तो सरकार, दलाल व पुढारी यांच्याकडे वळवितो, आणि मांडवातील पहिल्या रांगेत बसलेला पाहुणा बहुधा त्यांपैकीच एक असतो.

पाश्चात्त्य समांतर : एकट्याने गाऊन समाजाची टर उडविण्याची प्रथा फ्रान्समध्ये नागर स्वरूपात वाढली. पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८८१ मध्ये ‘ल शा न्वार’ हे कॅबरे उघडले व राजकारणावरील उपरोधिक गाणी म्हणणाऱ्या गायकांना व्यासपीठ मिळाले. तेथूनच पुढे आलेला आरिस्तीद ब्र्युआँ १८८५ पासून आपल्या स्वतःच्या कॅबरेत आलेल्या गिऱ्हाइकांनाच शिव्या देई, आणि त्या खाण्यासाठी प्रतिष्ठित मंडळी गर्दी करीत. विसाव्या शतकात जॉर्ज ब्रासांस गिटार घेऊन उभा राहिला; न्यायव्यवस्थेची टर उडविणारे त्याचे एक गाणे नभोवाणीवर वर्ज्य ठरले. बोरिस व्हियाँच्या १९५४ मधील युद्धविरोधी गाण्याचीही तीच गत झाली.

अलीकडे तेथील व अन्यत्रचे एकट्याने गाणारे कलावंत ‘लूप’ या तंत्राचा अवलंब करतात. गायक पायाखालील कळ दाबून काही सेकंदांचा ठेका वा सुरावट त्याच क्षणी मुद्रित करतो. यंत्र ती पुन्हापुन्हा वाजवीत राहते. तिच्यावर दुसरी, मग तिसरी सुरावट चढविली जाते आणि श्रोत्यांदेखत एकट्या माणसाचा वाद्यवृंद तयार होतो. या कल्पनेचा आरंभ १९६० नंतर टेरी रायली, स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारांनी ध्वनिफितीच्या वेटोळ्यांवर केलेल्या प्रयोगांत आढळतो. दोन ध्वनिमुद्रक यंत्रे जोडून रॉबर्ट फ्रिप व ब्रायन ईनो यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ध्वनिमुद्रिका हा त्यातील पुढचा टप्पा होय. अंकीय स्मृतीमुळे पुढे हे सारे पायाने दाबावयाच्या एका लहान पेटीत मावू लागले. उपहासगायकाच्या दृष्टीने या पेटीचे काम झीलकऱ्याचेच आहे : पालुपद धरून ठेवणे आणि गायकाचे तोंड मोकळे करणे.

भेद मात्र मूलगामी आहे. यंत्राला जे सुनावले तेच ते परत करते. मांडवातील श्रोते तसे करतीलच असे नाही. पालुपद उचलावयाचे की गप्प बसावयाचे, हे ते ठरवितात. आवाज कमी झाला की आपला घाव वर्मी लागला की बाजूने गेला, हे सप्तखंजिरीवाल्याला तत्काळ कळते, आणि त्यानुसार तो पुढचा प्रश्न सौम्य अथवा तीक्ष्ण करतो. श्रोत्यांच्या संमतीवाचून हा प्रकार एक पाऊलही पुढे जाऊ शकत नाही, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य व त्याचा धोकाही आहे.

धोका व मर्यादा : धोका केवळ तात्त्विक नाही. मे २०१७ मध्ये मुंबईतील नायगाव येथे कार्यक्रम झाल्यावर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला व ते जखमी झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाली होती. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या पार्श्वभूमीवर या हल्ल्याने वऱ्हाडात काळजी उत्पन्न केली. बरे झाल्यावर महाराजांनी प्रबोधन पुन्हा सुरू केले.

दुसरी मर्यादा आतून येते. हशा मिळविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गैरहजर किंवा दुबळ्या माणसाची थट्टा. सुनेचे नखरे, मुलींचे कपडे, शिकलेल्या बायका यांच्यावरील विनोद या व्यासपीठावर पुष्कळदा ऐकावयास मिळतात. हुंड्याविरुद्ध तासभर बोलून झाल्यावर असा एक विनोद आला, की आधीचे बरेचसे काम पुसले जाते. मांडवाच्या एका बाजूस बसलेल्या स्त्रिया अशा वेळी हसतात, पण पालुपदात त्यांचा आवाज नसतो.

प्रसार : सत्यपाल महाराजांच्या अनुकरणाने विदर्भात सप्तखंजिरीवादकांची एक पिढी तयार झाली असून त्यांपैकी अनेकांनी आपल्या नावाला ‘पाल’ हे पद जोडून घेतले आहे. प्रथम ध्वनिफितींनी, मग चित्रफितींनी आणि हल्ली भ्रमणध्वनीवरील चित्रणांनी हा प्रकार विदर्भाबाहेर, पुण्या-मुंबईस गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबांपर्यंत पोहोचविला आहे. या चित्रणांत बहुधा कॅमेरा गायकावर खिळलेला असतो व ध्वनिक्षेपकही त्याच्याच तोंडाशी असतो. त्यामुळे खंजिऱ्यांचे बोल स्वच्छ ऐकू येतात, श्रोत्यांनी दिलेली उत्तरे मात्र अस्पष्ट गलबल्यासारखी मागे राहतात.